पोटरीतली गुठळी: ओळखायची कशी, आणि पुढचे तीन महिने सांभाळायचं काय

एकच पाय सुजला असेल तर आधी शिवणकामाची टेप शोधा. दोन्ही पाय संध्याकाळी सुजत असतील तर त्यामागे दिवसभर उभं राहणं, रक्तदाबाची एखादी गोळी, हृदय, मूत्रपिंड असं काहीही असू शकतं. तेही डॉक्टरांना दाखवायचंच, पण त्याला सहसा दोन-चार दिवस मिळतात. एकाच पायाची पोटरी एक-दोन दिवसांत फुगली आणि ठणकायला लागली, तर मात्र खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे असं धरूनच पुढची पावलं टाकायची. डॉक्टर जिला डीव्हीटी म्हणतात ती हीच.

मोजायचं असं. पलंगावर पाय लांब करून, स्नायू सैल सोडून बसा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावर एक उंचवटा बोटाला लागतो. तिथून सरळ खाली १० सेंमी मोजून पेनने खूण करा, दुसऱ्या पायावरही तशीच. आता त्या खुणेवर टेप आडवी गुंडाळा, कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी. अर्धा-एक सेंटीमीटरचा फरक धडधाकट माणसातही सापडतो. फरक ३ सेंमी किंवा त्याहून जास्त भरला तर तो वजनदार पुरावा आहे. खूण न करता अंदाजाने मोजू नका. पोटरी वरून खाली निमुळती होत जाते, त्यामुळे एका पायावर टेप बोटभर वर आणि दुसऱ्यावर बोटभर खाली गेली की नसलेला फरक दिसतो किंवा असलेला लपतो.

मग नडगीवर अंगठा दाबून दहा सेकंद धरा. अंगठा काढल्यावर खड्डा राहतो का, आणि तो एकाच पायावर राहतो का, ते बघा. पोटरीच्या मागच्या बाजूने, गुडघ्यामागच्या खळगीतून मांडीच्या आतल्या अंगापर्यंत बोटांनी हलकं दाबत जा. एका रेषेत दुखत असेल तर लक्षात ठेवा. त्या पायाच्या कातडीवर आधी नसलेल्या निळसर शिरा उमटल्या असतील तर तेही. आत रस्ता बंद झाला की रक्त वरच्या शिरांमधून वाट काढतं.

पाऊल वर ओढलं की पोटरीत कळ येते का, ही जुनी चाचणी अजूनही पुष्कळ जण सांगतात. ती सोडून द्या. गुठळी असताना कळ येत नाही आणि नसताना येते, असं इतक्यांदा होतं की तिच्यावरून काही ठरवता येत नाही.

सुजेशिवाय डॉक्टर आणखी काही गोष्टी विचारतात आणि त्यांना गुण देतात: गेल्या १२ आठवड्यांत मोठं ऑपरेशन झालं का किंवा तीन दिवस वा जास्त अंथरुणाला खिळून होतात का (हा मिळून एकच प्रश्न), पायाला प्लास्टर आहे का किंवा पाय लुळा पडला आहे का, कर्करोगाचे उपचार चालू आहेत का, आधी कधी गुठळी झाली होती का. प्रत्येक ‘हो’चा एक गुण, मापातल्या ३ सेंटीमीटरचा एक, खड्ड्याचा एक, नव्याने दिसणाऱ्या शिरांचा एक, शिरेच्या रेषेत दुखण्याचा एक, अख्खा पाय सुजण्याचा एक. दुसरं एखादं कारण तितकंच संभवत असेल तर दोन वजा. बेरीज दोन किंवा वर गेली की गुठळीची शक्यता दाट. याला वेल्स स्कोर म्हणतात. घरी बेरीज करत बसायची गरज नाही. या प्रश्नांची उत्तरं तारखांसकट कागदावर लिहून नेलीत तर तपासणाऱ्याचं अर्धं काम होतं.

स्नायू ओढला गेला असेल, कातडीखाली जंतुसंसर्ग झाला असेल, गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटली असेल, तरी पोटरी अशीच दिसते. हा फरक डोळ्यांनी करता येत नाही. सोनोग्राफी लागतेच.

तोवर एक काम कटाक्षाने टाळायचं: पोटरी चोळायची, रगडायची, तुडवून घ्यायची नाही. ताजी गुठळी शिरेच्या भिंतीला नीट चिकटलेली नसते. तिचा शेपटासारखा लांब भाग रक्तात तरंगत असतो आणि चोळण्याने तो तुटू शकतो. दुखतंय म्हणून रगडलं, ही या आजारातली सगळ्यात स्वाभाविक आणि सगळ्यात वाईट चूक.

शेपूट तुटली तर

तुटलेला तुकडा पायातून वर, हृदयाच्या उजव्या भागातून थेट फुप्फुसात जातो आणि तिथल्या रक्तवाहिनीत अडकतो. अचानक धाप लागणं, श्वास आत घेताना छातीत सुरी खुपसल्यासारखी कळ, बसल्या जागी नाडी शंभराच्या वर, खोकल्यातून रक्त, किंवा चालता चालता चक्कर येऊन कोसळणं ही त्याची लक्षणं. पाय सुजलेला असो वा नसो, यातलं काही झालं तर स्वतः गाडी चालवू नका, रुग्णवाहिका बोलवा. कित्येकांना पायाला काहीच झालेलं नसतं आणि गुठळीचा पहिला पत्ता फुप्फुसातच लागतो.

इथे एक घोळ दूर करू. शरीरात रक्तवाहिन्या दोन तऱ्हेच्या: हृदयाकडून रक्त नेणाऱ्या धमन्या आणि हृदयाकडे परत आणणाऱ्या शिरा. शिरेत अडथळा आला की रक्त मागे तुंबतं. पाय सुजतो, गरम लागतो, जड होतो. धमनीत अडथळा आला की रक्त पुढे पोचतच नाही. पाय पांढराफटक, थंडगार, मुंग्या येऊन बधिर होतो, आणि पावलावरची नाडी लागत नाही. हा दुसरा प्रकार तासांच्या हिशेबातला आहे. साधारण सहा तासांत रक्त पुन्हा सुरू झालं नाही तर स्नायू आणि नसा कायमच्या जाऊ शकतात. अशा पायाला शेक देऊ नका. बधिर कातडी भाजलेलं कळत नाही. पाय उंचावरही ठेवू नका, आहे तेवढं रक्तही खाली जाणार नाही.

हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत तेच झालं तर त्याला आपण हार्ट अटॅक आणि पक्षाघात म्हणतो. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारं दुखणं असेल, आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल, तर रुग्णवाहिका बोलावून ३०० मिग्रॅ साधी ॲस्पिरिन चावून घ्यायला सांगतात. नुसती गिळली तर असर व्हायला वेळ लागतो. तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळलं, तर मात्र ॲस्पिरिन देऊ नका. तो झटका मेंदूत रक्त फुटल्यामुळेही आलेला असू शकतो, आणि ते स्कॅनशिवाय कळत नाही. त्याऐवजी माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ लिहून घ्या. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि दवाखान्यात पहिला प्रश्न त्या वेळेचाच येतो.

आता परत शिरेकडे, कारण पुढचा सगळा मजकूर तिचाच आहे.

तपासणीत काय बघतात

गुठळीचा संशय कमी असेल तर आधी डी-डायमर ही रक्ताची तपासणी करतात. गुठळी तयार होऊन विरघळू लागली की तिचे तुकडे रक्तात येतात, ते ही तपासणी मोजते. ती नकारात्मक आली आणि मुळात संशयही कमी होता, तर गुठळी नाही असं म्हणता येतं. सकारात्मक आली तर मात्र फारसं काहीच सिद्ध होत नाही. ऑपरेशन, गरोदरपण, संसर्ग, कर्करोग, नुसतं वाढतं वय, कशानेही आकडा चढतो. म्हणूनच नेहमीची ५०० ची मर्यादा पन्नाशीनंतर वयाच्या दहापट धरतात: ७० वर्षांच्या माणसाला ७००. रिपोर्ट वाचताना आकड्यापुढचं एककही बघा. काही प्रयोगशाळा एफईयू या मापात लिहितात, काही डीडीयू मध्ये, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरलेली माणसं बहुधा या एककात फसलेली असतात.

खरी तपासणी पायाची डॉपलर सोनोग्राफी. पडद्यावर दोन काळे गोल शेजारी दिसतात: एक धमनी, एक शीर. तपासणारा यंत्राचा दांडा कातडीवर दाबतो. निरोगी शीर मऊ असते, ती दाबासरशी चपटी होऊन मिटते. धमनी गोलच राहते. गुठळी असेल तर शीर दबत नाही. बस, निदानाचा गाभा एवढाच आहे, बाकीचे रंग त्याला जोड. जांघेपासून गुडघ्यामागपर्यंत ठिकठिकाणी असं दाबून बघतात. फक्त गुडघ्याच्या वरचाच भाग तपासला असेल आणि संशय दाट असेल, तर पहिली सोनोग्राफी साफ आली तरी ५ ते ७ दिवसांनी ती पुन्हा करतात, कारण पोटरीतली छोटी गुठळी तेवढ्यात वर सरकू शकते. ही दुसरी तारीख लोक हटकून चुकवतात, पाय थोडा बरा वाटतो म्हणून.

गुठळी का झाली, हाही प्रश्न याच वेळी विचारायचा. रुडॉल्फ विर्खो यांनी १८५६ मध्ये मांडलेली त्रयी आजही पुरते: रक्त संथ झालं, वाहिनीच्या अस्तराला इजा झाली, किंवा रक्तच गोठायला उतावीळ झालं. अंथरूण, प्लास्टर, लांबचा प्रवास पहिल्यात. ऑपरेशन, अपघात, शिरेत ठेवलेली नळी दुसऱ्यात. कर्करोग, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, आनुवंशिक दोष तिसऱ्यात. डाव्या पायात गुठळी जास्त होते, त्याचंही कारण साधं आहे: ओटीपोटात उजवीकडे जाणारी मोठी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून ओलांडून जाते आणि तिला मणक्यावर दाबून धरते.

गोळी गुठळी विरघळवत नाही

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा. ‘रक्त पातळ करणारी’ गोळी रक्त पातळही करत नाही आणि गुठळी विरघळवतही नाही. ती फक्त गुठळी वाढू देत नाही. विरघळवण्याचं काम शरीर स्वतःच्या रसायनांनी, आठवडे आणि महिने घेऊन करतं. गोळी म्हणजे पहारेकरी. पहारा दोन दिवस उठला की राहिलेल्या गुठळीवर नवे थर चढतात. पाय आठव्या दिवशी हलका वाटायला लागला म्हणजे काम संपलं असं नसतं. तेव्हा शीर आत अजून अर्धी भरलेली असू शकते. म्हणून उपचार किमान तीन महिने.

(गुठळी खरोखर विरघळवणारी इंजेक्शनं आहेत, पण त्यांनी मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. फुप्फुसातल्या गुठळीने रक्तदाब कोसळला किंवा पायच जायची वेळ आली, अशाच प्रसंगी ती वापरतात.)

हल्ली बहुतेकांना नव्या गोळ्यांपैकी एक मिळते. त्यांत सुरुवातीचा डोस मोठा आणि नंतरचा लहान असतो, आणि चुका होतात त्या नेमक्या या वळणावर.

रिव्हॅरोक्सॅबॅन: पहिले २१ दिवस १५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, २२व्या दिवसापासून २० मिग्रॅ दिवसातून एकदा. दोन्ही डोस जेवणासोबतच. २० ची गोळी उपाशीपोटी घेतली तर साधारण एक तृतीयांश औषध अंगी लागत नाही.

ॲपिक्सॅबॅन: पहिले ७ दिवस १० मिग्रॅ दोनदा, मग ५ मिग्रॅ दोनदा. जेवणाचं बंधन नाही.

डॅबिगॅट्रॅन: आधी किमान ५ दिवस हेपॅरिनची (गोठणं लगेच रोखणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं, मग १५० मिग्रॅ दोनदा. ही कॅप्सूल उघडून पूड घ्यायची नाही. तसं केलं तर रक्तात औषध खूप जास्त जातं. ओलाव्याने ती खराब होते, म्हणून गोळ्यांच्या डबीत भरून ठेवू नका, मूळ वेष्टनातच राहू द्या.

पहिल्याच दिवशी कॅलेंडर घ्या आणि डोस बदलायच्या तारखेभोवती गोल करा. त्या गोलात नवा डोस मिलिग्रॅममध्ये लिहा. पहिलं पाकीट संपलं म्हणजे औषध संपलं, असं समजून २२व्या दिवशी काहीच न घेणारे असतात. उलट महिनाभर मोठाच डोस घेत राहून हिरड्यांतून रक्त आल्यावर येणारेही असतात. पुढचं पाकीट आठवडाभर आधी आणून ठेवा. या गोळ्यांचा असर साधारण एका दिवसात उतरतो, त्यामुळे ‘दुकान बंद होतं’ याची किंमत लगेच मोजावी लागते.

डोस विसरला तर? ॲपिक्सॅबॅन त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या आणि नेहमीच्या वेळेवर परत या. रिव्हॅरोक्सॅबॅनच्या पहिल्या २१ दिवसांत विसरलेली गोळी लगेच घ्यायची, आणि दिवसाचे ३० मिग्रॅ पुरे करण्यासाठी दोन १५ च्या गोळ्या एकत्र घेतल्या तरी चालतात. ही सवलत फक्त त्या २१ दिवसांपुरती. नंतर दिवसाला एकच गोळी. काल विसरली म्हणून आज दोन, असं कधीच नाही.

वयस्कर माणसांत, आणि मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांत, सुरुवातीला आणि नंतरही ठरलेल्या अंतराने क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, बघावं लागतं. औषध काही प्रमाणात लघवीवाटे बाहेर पडतं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की ते रक्तात साठू लागतं. हृदयात धातूची झडप बसवलेली असेल, अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम (शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होण्याचा आजार) असेल किंवा गरोदरपण असेल, तर या नव्या गोळ्या वापरत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा.

वॉर्फरिन चालू असेल तर

वॉर्फरिन जुनं, स्वस्त आणि लहरी औषध. कुजलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन रक्तस्रावाने मरणाऱ्या गुरांचा छडा लावताना जे रसायन सापडलं, त्याच कुळातलं हे. आधी उंदीर मारायला वापरलं आणि १९५४ पासून माणसांसाठी. ते व्हिटॅमिन के ची वाट अडवतं, म्हणून त्याचा असर आहाराने, तापाने, दुसऱ्या औषधांनी हलतो. मात्रा आयएनआर या, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीवर ठरते. पायातल्या गुठळीसाठी आयएनआर २ ते ३ मध्ये हवा. दोनच्या खाली पहारा ढिला, चारच्या वर रक्तस्रावाची भीती.

ते सुरू करताना सोबत हेपॅरिनचं इंजेक्शन किमान ५ दिवस, आणि आयएनआर सलग २४ तास २ च्या वर राहीपर्यंत चालवतात. कारण गमतीशीर आहे: गोठणं रोखणारी शरीराची स्वतःची काही प्रथिनंही वॉर्फरिनने कमी होतात, आणि तीच आधी कमी होतात. म्हणजे एकटं वॉर्फरिन पहिले काही दिवस उलट गोठण्यालाच हातभार लावतं. ‘गोळी चालू झाली, मग सुई कशाला’ म्हणून इंजेक्शन तिसऱ्या दिवशी सोडू नका.

गोळी संध्याकाळी घ्या. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, की त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. वहीत डोस ‘दीड गोळी’ असा न लिहिता ‘३ मिग्रॅ’ असा लिहा, कारण गोळ्या १, २, ५ मिग्रॅ अशा निरनिराळ्या येतात. विसरलेली गोळी त्याच रात्री आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडा आणि वहीत नोंदवा.

हिरव्या पालेभाज्या बंद करायचा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. व्हिटॅमिन के दर आठवड्याला साधारण सारखंच पोटात जावं, एवढंच पाहायचं. डोस त्याप्रमाणे बसवता येतो. घोळ होतो तो एक आठवडा रोज पालेभाजी आणि पुढचे दोन आठवडे अजिबात नाही, यामुळे.

मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनॅझोल यांनी आयएनआर झपाट्याने चढतो. रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी पहारा ढिला पडतो. ही शेवटची तीन नव्या गोळ्यांनाही निकामी करू शकतात. कोणतंही नवं औषध सुरू झालं की तीन-चार दिवसांत आयएनआर बघायचा का, हे विचाराच.

पोटावरचं इंजेक्शन

हेपॅरिनच्याच कुळातल्या एनॉक्झापॅरिनच्या भरलेल्या सिरिंज घरी टोचायची वेळ अनेकांवर येते. उपचाराचा नेहमीचा डोस किलोमागे १ मिग्रॅ, दर १२ तासांनी. ६० किलोच्या माणसाला ६० मिग्रॅ. म्हणून वजन अंदाजे सांगू नका, काट्यावर उभे राहा. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर तेच दिवसातून एकदाच देतात.

हात धुवा. बसा किंवा रेलून पडा. बेंबीपासून किमान ५ सेंमी दूर, पोटाच्या बाजूला जागा निवडा. सकाळी डावीकडे, रात्री उजवीकडे. सिरिंजमध्ये हवेचा छोटा बुडबुडा दिसेल. पूर्ण डोस घ्यायचा असेल तर तो काढू नका. काढायच्या नादात औषधाचा थेंब जातो, आणि तो बुडबुडा शेवटचं औषधही सुईतून आत ढकलतो. अंगठा आणि तर्जनीने कातडीची घडी चिमटीत धरा, सुई काटकोनात पूर्ण आत घाला, दट्ट्या सावकाश शेवटपर्यंत दाबा, सुई सरळ बाहेर काढा, मगच चिमटी सोडा. जागा चोळू नका. चोळलं की रुपयाएवढा निळा डाग पडतो, आणि लोकांना वाटतं औषध जास्त झालं. छोटे डाग तसेही पडतातच. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात टाका, टोपण परत लावायला जाऊ नका.

हेपॅरिनच्या कुळातल्या औषधांनी क्वचित पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास प्लेटलेट्स एकदम घसरतात आणि उलट नव्या गुठळ्या होतात. त्या दिवसांत रक्ताची तपासणी लिहून दिली असेल तर ती टाळू नका.

दुखणं, पडणं, रक्त येणं

पाय दुखतो म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन घेऊ नका. ती पोटाच्या अस्तराला ओरखडे काढतात आणि प्लेटलेट्सना सुस्त करतात. वर रक्त गोठू न देणारी गोळी चालू, म्हणजे पोटातून रक्तस्रावाची पूर्ण तयारी. पॅरासिटामॉल घ्या. वॉर्फरिनवर असाल आणि पॅरासिटामॉल रोज, जास्त मात्रेत, बरेच दिवस लागत असेल तर तेही सांगा, कारण त्याने आयएनआर थोडा वर सरकतो. सर्दी-अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांमध्ये काय काय आहे ते पाकिटावर वाचल्याशिवाय गिळू नका.

नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकायचं नाही, पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून १५ मिनिटं घड्याळ लावून बसायचं. मध्ये सोडून बघायचं नाही. सगळे बघतात, आणि सगळ्यांचं रक्त म्हणूनच थांबत नाही. कापल्यावर १० मिनिटं सलग दाब. एवढ्याने थांबलं नाही, शौचाला डांबरासारखी काळी चिकट झाली, लघवी लाल आली, किंवा उलटीत कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, तर दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची नसते. डोक्यावर पडलात तर बरं वाटत असलं तरी जाऊन दाखवा. मेंदूवरचा रक्तस्राव तासांनी, कधी दिवसांनी उमटतो.

मासिक रक्तस्राव वाढला तर गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्यावर वेगळा उपाय आहे. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ आधी सांगा. बऱ्याचदा गोळी न थांबवताच दात निघतो. पुढे ढकलता येण्यासारखं ऑपरेशन पहिल्या तीन महिन्यांत करूच नये.

चालणं आणि मोजे

गुठळी निघाली म्हणून हलू नका, हा सल्ला मागे पडला आहे. औषध सुरू झालं आणि दुखणं सोसवत असलं की चालायचं. त्याने गुठळी सुटत नाही, सूज लवकर उतरते. बसताना पाय स्टुलावर, झोपताना पायाखाली उशी. पोटरीचा स्नायू हा शिरांचा पंप आहे. तासातून एकदा टाच टेकवून बोटं वर, मग बोटं टेकवून टाच वर, असं वीस-तीस वेळा.

दाबाचे मोजे आता सगळ्यांना सरसकट देत नाहीत. सूज आणि जडपणा राहत असेल त्यांना देतात. घेताना सकाळी उठल्याउठल्या माप द्या, सूज चढायच्या आत: घोट्याचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात मोठा घेर, आणि टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. संध्याकाळच्या मापाचे मोजे सकाळी सैल होतात आणि दुमडतात, आणि वरची काठ दुमडली की तिथे दुप्पट दाब पडून दोरी बांधल्यासारखं होतं. पायाच्या धमन्या अरुंद असतील, चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावं लागत असेल, तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहिल्याशिवाय मोजे घालू नका. आधीच कमी असलेलं रक्त मोज्याने अडतं.

चार तासांपेक्षा लांबचा प्रवास असेल तर दर तासाला उठा, नाहीतर बसल्या जागी घोटे हलवा. पाय अडकतील असं सामान पायाशी ठेवू नका, झोपेची गोळी घेऊन एकाच कुशीवर अवघडून झोपू नका. खबरदारी म्हणून प्रवासाआधी ॲस्पिरिन घ्यायची पद्धत आहे. शिरेतल्या गुठळीसाठी तिच्यावर विसंबू नका.

थांबवायचं कधी

ऑपरेशन, प्लास्टर अशा कारणाने गुठळी झाली आणि ते कारण संपलं, तर साधारण तीन महिन्यांनी औषध थांबवतात. कारणच सापडलं नाही, कर्करोग चालू आहे, किंवा ही दुसरी वेळ आहे, तर पुढेही चालवतात. ॲपिक्सॅबॅन आणि रिव्हॅरोक्सॅबॅन सहा महिन्यांनंतर निम्म्या डोसवर आणता येतात. तारीख डॉक्टरांनी ठरवायची, पण तीन महिने भरायच्या आठवडाभर आधी भेट तुम्ही घ्यायची, गोळ्या संपल्यावर नाही.

त्या भेटीत दोन गोष्टी मागून घ्या. एक, शेवटची सोनोग्राफी. पुष्कळांच्या शिरेत जुन्या गुठळीचा व्रण कायमचा राहतो; वर्षाने पाय पुन्हा दुखला आणि तुलनेला जुना रिपोर्ट नसला, तर तो व्रण नवी गुठळी समजून पुन्हा सगळे उपचार सुरू होतात. दुसरी, दोन्ही पोटऱ्यांचं माप, त्याच १० सेंटीमीटरच्या खुणेवर, त्याच रिपोर्टच्या मागे तारखेसह लिहून.